लाईव्हवरची राजकीय टवाळी कोण जपून ठेवतंय?

मुळामुठा
फेसबुकने १९ फेब्रुवारी २०२५ पासून लाईव्ह व्हिडिओ तीसच दिवस ठेवायचं ठरवलं. त्याआधीचे जे पडून होते त्यांच्या मालकांना कळवायचं, की नव्वद दिवसांत उतरवून घ्या, नाहीतर जातील. बहुतेकांनी ही बातमी 'बरं' म्हणून पुढे सरकवली असेल. कारण बहुतेक लाईव्ह म्हणजे दुकानाचं उद्घाटन, साड्यांचा सेल, नाहीतर कुणाच्या तरी मुंजीत हलत राहिलेला फोन.

पण तालुक्या-तालुक्यातली राजकीय टवाळी याच जागी झाली ना? यूट्यूबला चॅनेल, थंबनेल, कॅमेरा असा बारदाना लागतो. फेसबुक लाईव्हला एक फोन आणि एक तोंड पुरतं. नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीनंतर महिनाभर हाच खेळ, आणि जून २०२२ मध्ये आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले तेव्हा तर विचारूच नका. कोणी पारावर बसून, कोणी ट्रॅक्टरवरून, कोणी बायकोला पत्रकार करून रोज रात्री नेत्यांच्या आवाजात मुलाखती देत होतं. खाली शेकडो लोक कमेंट करतायत आणि हा बहाद्दर त्या कमेंटना त्याच नेत्याच्या आवाजात जागच्या जागी उत्तरं देतोय. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत ही गंमत नव्हती.

आता शोधायला गेलो तर सगळे दुवे मेलेले. म्हणून विचारतो, इथे कोणी असलं काही उतरवून ठेवलंय का? मुळात ठेवावं का? आणि करणाऱ्यानेच काढून टाकलं असेल तर आपल्याकडची प्रत ठेवायचा आपल्याला काय हक्क? माझं मत असं की ठेवावं, आणि सरकारची वाट न बघता ठेवावं. झोडपा.

तिरकस तात्या
नातवाने उद्या हे सगळं बघून विचारलं, 'आजोबा, हे चाललं होतं तेव्हा तुम्ही काय करत होतात?' तर काय सांगू, हसण्याचा इमोजी टाकत होतो? आपोआप पुसलं जातंय तर पुसू द्या की राव.

८.१७ची लोकल
तात्यांना +१. आणि खरं सांगायचं तर त्यातला बराचसा माल टुकार होता. आवाज काढता आला की झाला व्यंगकार.

चावडीवाचक
लोकल, टुकार होता म्हणूनच ठेवायचा. चांगल्याला चार वाली मिळतात. टुकार मालातच त्या काळात लोक कशाला हसत होते ते सापडतं.

'मार्मिक' १९६० साली निघालं. आज कुणाला त्यातली व्यंगचित्रं बघायची असली तर जुन्या ग्रंथालयांचे उंबरे झिजवता येतात. छापील मजकुरासाठी आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची सेंट्रल लायब्ररी, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे पाठवायची. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रं-नियतकालिकंही आली. सगळे पाळतात असं नाही, पण निदान कायद्याच्या लेखी तरी अंक 'आहे'. व्हिडिओला हे काहीच नाही. फ्रान्सने २००६ साली कायदा करून वेबवरची सामग्रीही या जमा करण्याच्या नियमाखाली आणली आणि दृकश्राव्य भाग 'इना' या संस्थेकडे दिला. म्हणजे फ्रेंच माणसाने फ्रेंच राष्ट्राध्यक्षाची उडवलेली टर त्याच राष्ट्राच्या पैशाने जपली जाऊ शकते. आपल्याकडे टर उडवणाऱ्याचा पत्ता तेवढा जपला जातो.

तिरकस तात्या
शेवटच्या वाक्याला एक चहा लागू.

बिट्स आणि बाकरवडी
कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घरगुती उपाय सांगतो, कारण 'ठेवलं पाहिजे' म्हणणारे पुष्कळ आणि ठेवणारे चार.

आधी कुठे किती दिवस मिळतात ते बघा. फेसबुकचे तीस दिवस मुळामुठांनी सांगितलेच. इन्स्टाग्राम लाईव्ह संपल्यावर तीस दिवस फक्त करणाऱ्यालाच आपल्या संग्रहात दिसतं, त्याने ते टाकलं तरच बाकीच्यांना. ट्विच या गेमिंगवाल्यांच्या लाईव्ह संकेतस्थळावर साध्या खात्याचं प्रक्षेपण सात दिवस, अफिलिएट आणि पार्टनर या वरच्या दोन दर्जांच्या खात्यांचं अनुक्रमे चौदा आणि साठ. त्यातले निवडक तुकडे कायमचे ठेवता यायचे, त्यावर एप्रिल २०२५ पासून एकूण शंभर तासांची मर्यादा आली. यूट्यूब सगळ्यांत उदार, पण तिथेही लाईव्ह बारा तासांच्या वर गेलं तर आपोआप जपलं जाईल याचा भरवसा नाही. निवडणूक निकालाच्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट लिहून ठेवा.

उतरवायला वायटी-डीएलपी नावाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, काळ्या खिडकीत चालतं, घाबरायचं कारण नाही. हे ज्याच्यापासून निघालं त्या यूट्यूब-डीएलवर अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबर २०२० मध्ये तक्रार केली आणि ते जिथे ठेवलेलं होतं त्या गिटहबने ते काढलं, महिन्याभरात परतही ठेवलं. नुसता व्हिडिओ ओढू नका. सोबत वर्णन, तारीख, मथळा असलेली माहितीची फाईल घ्या आणि लाईव्ह चॅट घ्या, ते वेगळं मागावं लागतं. करणाऱ्याने नंतर यूट्यूबच्या एडिटरमध्ये सुरुवातीची दोन मिनिटं जरी कापली तरी चॅटचं रिप्ले जातं. म्हणून लाईव्ह संपल्या संपल्या उतरवायचं, रविवारची वाट बघायची नाही.

जागेचं भय घालू नका कोणाला. १०८० चं चित्र सेकंदाला साडेचार मेगाबिट धरलं तर तासाला दोन जीबी. एक टीबीत पाचशे तास. आणि पारावरच्या नकलेला १०८० कशाला हवंय, ४८० मध्ये दाढीचे खुंट दिसले नाहीत तर इतिहासाचं नुकसान होत नाही. प्रती मात्र दोन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी.

८.१७ची लोकल
बाकरवडी, तुमच्याकडे आहे का मग काही? का नुसतंच 'कसं करावं'?

बिट्स आणि बाकरवडी
आहे. यादी इथे टाकणार नाही. कारण खाली काळा कोट येऊन सांगेलच.

काळा कोट
बोलावलंत म्हणून आलो. :)

आधी चावडीवाचकांना. 'पत्ता तेवढा जपला जातो' हे वाक्य छान आहे, पण न्यायालयात बाजू दुसरीकडेही गेली आहे हे विसरू नका. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून केंद्राने स्वतःच्या कारभाराबद्दलची 'खोटी, बनावट, दिशाभूल करणारी' माहिती ठरवायला फॅक्ट चेक युनिटची तरतूद केली. तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत विनोदवीर कुणाल कामरा होता. व्यंगातली अतिशयोक्ती सरकारी कारकुनाने खरं-खोटं करून तपासायची का, हा मुद्दा होता. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, पटेल यांनी तरतूद रद्द ठरवली, गोखले यांनी वैध. तिसरे न्यायमूर्ती चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला पटेल यांच्या बाजूने मत दिलं आणि तरतूद गेली.

आता धाग्याचा विषय. व्हिडिओ दिसेनासा होतो तेव्हा तो कोणी काढला हेच पुष्कळदा कळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली बंदीचा आदेश निघाला असेल तर २००९ च्या नियमांतला १६ वा नियम त्याबद्दल गोपनीयता पाळायला सांगतो. आपल्याला फक्त 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' दिसतं. दुसरा रस्ता कॉपीराइटचा. विडंबनगीत म्हटलं की चाल दुसऱ्याची आली. मार्च २०२५ मध्ये कामराच्या त्या गाजलेल्या व्हिडिओवर संगीत कंपनीने कॉपीराइटचा दावा लावल्याचं त्याने जाहीर केलं होतं. ब्रिटनने २०१४ साली कायद्यात विडंबनाला स्पष्ट सूट दिली. आपल्या १९५७ च्या कायद्यात कलम ५२ मध्ये टीका-समीक्षेसाठी 'रास्त वापर' आहे, विडंबनाचं नाव नाही. वकिलाला काम राहतं, एवढंच समाधान.

प्रत घरी ठेवणं आणि ती पुन्हा चढवणं यांत फरक करा. खाजगी वापराला ५२ मध्ये जागा आहे, दुसऱ्याचा कार्यक्रम आपल्या चॅनेलवर टाकायला नाही. आणि ठेवत असाल तर फाईलचा हॅश काढून ठेवा, म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा, फाईल जराशी बदलली तरी तो बदलतो. १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्याच्या नमुन्यातच हॅशचा रकाना आहे. उद्या कोणी म्हणालं की मी असं बोललोच नव्हतो, किंवा उलट तुमच्या तोंडी भलतंच घातलं, तर तोच रकाना कामाला येईल.

८.१७ची लोकल
कामराचं उदाहरण नको तिथे आणलंत. ते व्यंग नव्हतं, वैयक्तिक अपमान होता. आणि त्याचा व्हिडिओ तर कुठेच गेलेला नाही, मजेत आहे.

मुळामुठा
लोकल, व्हिडिओ मजेत आहे, पण तो जिथे चित्रित झाला ती जागा? २३ मार्चला व्हिडिओ आला, त्याच रात्री खारच्या हॅबिटॅटची तोडफोड झाली, दुसऱ्या दिवशी महापालिकेचे हातोडे पोचले. विनोद आवडला नाही हे समजू शकतो. मला स्वतःला त्यातला निम्मा आवडला नाही. पण ज्या मंचावर वीस वेगळ्या मतांचे वीस जण उभे राहतात तो मंच एका गाण्यापायी फोडायचा?

८.१७ची लोकल
तोडफोडीचं समर्थन मी केलेलं नाही. तुम्ही नेहमीप्रमाणे माझ्या तोंडी घालताय. हॅश काढून ठेवा माझ्या प्रतिसादाचा.

तिरकस तात्या
लोकल आज फॉर्मात आहे.

संपादक मंडळ
पक्षीय चर्चेसाठी वेगळे धागे आहेत. इथे जतनाबद्दल बोलू या. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

तिरकस तात्या
जतनाच्या धाग्यावर प्रतिसाद पुसले!! मंडळ, तुमच्या विनोदबुद्धीला दंडवत.

शुक्रतारा_०७
हसले. :)

बाकरवडींनी चॅट उतरवा म्हणून सांगितलं त्यावर थोडं. मी एका वर्तमानपत्रात संदर्भ विभागात होते. कात्रण चिकटवलं की मागे पेन्सिलने दोन ओळी लिहायच्या असा आमच्या वरिष्ठांचा दंडक होता: हे कशावरून, त्या आठवड्यात काय घडलं होतं. व्यंगचित्र असेल तर ही पेन्सिल सक्तीची. कारण बातमी वीस वर्षांनीही समजते, टोमणा सहा महिन्यांत मरतो.

'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' घ्या. ते संभाषण फुटल्यावर दोन दिवसांत त्याची गाणी झाली, ढोलावर वाजलं, लाईव्हवाल्यांनी तर त्याच्यावर आठवडा काढला. २०५० मध्ये एखाद्या विद्यार्थिनीला यातला एक लाईव्ह सापडला, सोबत काहीच नाही, तर तिला काय दिसेल? एक मनुष्य हिरवळीचं कौतुक करतोय आणि लोक गडाबडा लोळतायत. सत्तांतर, हॉटेल, गुवाहाटी, मतदारसंघातल्या कार्यकर्त्याला आलेला तो फोन, हे सगळं बाहेरच राहिलं. चॅटमध्ये मात्र ते सापडतं, कारण तिथे कोणीतरी लिहिलेलं असतं, 'इकडे पाणी नाही आणि साहेब डोंगर बघतायत'. त्यामुळे माझ्या मते व्हिडिओपेक्षा चॅट मोलाचं आणि चॅटपेक्षा त्या दोन ओळी. आणि त्या ज्याने बघितलं त्याने, त्याच आठवड्यात लिहायच्या. दहा वर्षांनी आपण आठवून लिहू ते आपलं आजचं मत असेल.

फणसगरा
वाचतोय. शुक्रताराताईंचा प्रतिसाद फार आवडला.

मी बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण हा विषय निघाला की मला तेच आठवतं. म्यानमारमध्ये एप्रिलमधल्या नववर्षाच्या सणात थांज्याट नावाचा प्रकार असतो. ढोलाच्या तालावर एकाने ओळ फेकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि त्यातून त्या वर्षातले सगळे सत्ताधारी सोलून काढायचे. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला आणि शाहिराला एकत्र उभं केल्यावर जे होईल ते. लष्करी राजवटीत अनेक वर्षं त्यावर बंदी होती, २०१३ च्या सुमाराला ती उठली. २०१९ मध्ये यांगूनच्या प्रशासनाने पुन्हा फर्मान काढलं की आधी शब्द समितीला दाखवा. (आपल्याकडचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आठवलं का? तेच.)

त्या वर्षी 'पीकॉक जनरेशन' नावाच्या तरुणांच्या गटाने लष्कराची टर उडवणारं थांज्याट केलं आणि फेसबुकवर लाईव्ह दाखवलं. एप्रिल-मेमध्ये अटका झाल्या, ऑक्टोबरमध्ये पाच जणांना एकेक वर्षाची शिक्षा. रस्त्यावर सादर केलं त्याचा गुन्हा वेगळा, आणि लाईव्ह दाखवलं म्हणून दूरसंचार कायद्याच्या कलम ६६(ड) चा खटला वेगळा. एकाच गाण्याचे दोन गुन्हे. म्हणजे लाईव्ह 'नंतर काढून टाकू' म्हणून सुटका नाही. ज्याला खटला भरायचाय त्याने ते आधीच उतरवलेलं असतं. जतन करण्यात सरकार मागे आहे असं इथे कोणीतरी म्हणालं. काही बाबतींत ते फार पुढे आहे.

अवांतर: आमच्या रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इंग्रजांच्या कैदेत होता आणि आमचे टिळक त्याच्या मंडालेत. असली अदलाबदल इतिहासात दुसरी सापडायची नाही.

काळा कोट
फणसगरा, एक दुवा जोडतो. त्या पाच जणांना शिक्षा झाली ती ५०५(अ) खाली ना? तो त्यांचा दंडसंहितेचा आकडा आपलाच आहे. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात होता, १८६० ची दंडसंहिता दोघांची एक. आपण २०२४ मध्ये तिचं नाव बदललं आणि ५०५ चं ३५३ झालं. कामरावर मुंबईत जो गुन्हा नोंदवला त्यात हेच ३५३ आहे. उच्च न्यायालयाने त्याला अटकेपासून संरक्षण दिलं, हा दोन्हीकडच्या परिस्थितीतला फरक. पण अवजार एकाच लोहाराचं.

चावडीवाचक
ही माहिती नवीन. धन्यवाद वकीलसाहेब.

म्हापशेकार
आमगेर गोंयांत तियात्रांत (आमची कोंकणी नाटकं) दोन अंकांमदीं कांतारां (गाणी) आसतात, ती ऐकली तर तुम्हांला नवल वाटेल. आमदार समोर पहिल्या रांगेत बसलेला आणि वरून गायक त्याच्या पक्षांतराचं वाभाडं काढतोय. लोक वन्स मोअर देतात आणि आमदारालाही टाळ्या वाजवाव्या लागतात. पूर्वी त्याच्या कॅसेटी निघायच्या, मग व्हीसीडी, आता यूट्यूब. माझ्या मामाकडे कॅसेटींची पेटी आहे, बुरशी लागलेली. तिथे कुठल्या कंपनीने काही काढून टाकलं नाही, आमच्या पावसानेच काढलं. तेव्हा घरी ठेवलं म्हणजे जपलं असं समजू नका.

बिट्स आणि बाकरवडी
म्हापशेकार, ती पेटी कोरड्या जागी हलवा आणि बुरशी लागलेली कॅसेट तशीच प्लेअरला लावू नका, प्लेअरही जाईल आणि पुढची कॅसेटही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सिएटलची सुगरण
उशिरा आले, सगळं वाचून काढलं. मला मूळ प्रश्नातल्या तिसऱ्या भागावर बोलायचंय, कारण तो तुम्ही सगळ्यांनी सोयीस्करपणे ओलांडलात. करणाऱ्याने स्वतः काढलं असेल तर?

एआयबी या विनोदी मंडळींच्या 'रोस्ट' कार्यक्रमाचं बघा. डिसेंबर २०१४ मध्ये वरळीला झाला, जानेवारीत यूट्यूबवर आला, ३ फेब्रुवारी २०१५ ला त्यांनीच उतरवला. तोवर प्रती सगळीकडे पोचल्या होत्या. समय रैनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या कार्यक्रमाचे सगळे भाग काढले. त्याच्याही प्रती फिरतायत. दोन्ही वेळा काढलं ते दबावाखाली हे मान्य. पण दबावाखाली का होईना, निर्णय त्याचा आहे. आपण लांब सुरक्षित बसून 'इतिहासासाठी' म्हणत त्याचा व्हिडिओ परत चढवायचा आणि पोलिसांच्या फेऱ्या त्याने मारायच्या, हे मला पटत नाही. आणि मी तर जास्तच लांब बसलेय.

शिवाय चॅट. शुक्रताराताई, तुमचं म्हणणं पटलं, पण चॅटमध्ये खऱ्या नावांनी लिहिलेलं असतं. तिथे 'साहेब डोंगर बघतायत' लिहिणारी एखादी अंगणवाडी सेविका असेल. तिने हसण्यावारी एक ओळ लिहिली. ती पन्नास वर्षं जपायला तिने सांगितलं होतं का?

शुक्रतारा_०७
नाही सांगितलं, खरंय. चॅट ठेवताना नावं काढून ओळी ठेवता येतात. पण मग ती ओळ लिहिणारी बाई होती, गावातली होती, हेही जातं. मला अजून याचं उत्तर नाही.

चावडीवाचक
सुगरण, सविनय असहमती. 'निर्णय त्याचा' म्हणताना तो निर्णय खरंच त्याचा होता का, हे आज कोण सांगणार? दबावाने जे पुसलं ते 'करणाऱ्याची इच्छा' म्हणून आपण मान्य केलं तर दबाव आणणाऱ्याचं काम सोपंच झालं. त्याला बंदीचा आदेशही काढावा लागत नाही. सही पुसणाऱ्याची, हात दुसऱ्याचा.

फणसगरा
दोघांच्या मधला एक रस्ता आहे: ठेवायचं, पण दाखवायचं नाही. सीरियाच्या युद्धातले व्हिडिओ जपणाऱ्या सीरियन आर्काइव्हने २०१४ पासून हजारो व्हिडिओ स्वतःकडे उतरवून ठेवले. २०१७ मध्ये यूट्यूबच्या यंत्राने सीरियातले व्हिडिओ ढिगाने काढले तेव्हा त्याचा उपयोग झाला. सगळंच ते जगाला उघडं करत नाहीत, धोका बघून ठरवतात.

आणि चेहऱ्याचं म्हणाल तर सीरियाच्याच 'मसासित माती' गटाने २०११ मध्ये बोटांवरच्या बाहुल्या घेऊन हुकूमशहाची टवाळी करणारी मालिका यूट्यूबवर टाकली. बोटभर बाहुल्या तपासनाक्यावरून सहज नेता यायच्या, आणि कलाकारांची तोंडं दिसत नव्हती. आपल्याकडे बोलक्या बाहुल्यांची परंपरा असूनही हे कोणाला सुचलं नाही.

तिरकस तात्या
सुचलं असेल हो. पण आपल्या माणसाला टवाळीपेक्षा स्वतःचा चेहरा दिसण्याची हौस जास्त.

८.१७ची लोकल
सगळं अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हवर टाकलं की प्रश्न मिटला की. एवढा काथ्याकूट कशाला?

बिट्स आणि बाकरवडी
लोकल, ती संस्था १९९६ पासून चाललीय आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी सिनेमांच्या चोरट्या प्रतींवरून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशात तिचंही नाव आलं आणि भारतात आख्खं संकेतस्थळ काही काळ बंद पडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला झाला, तीन कोटी दहा लाख खात्यांची माहिती फुटली, काही दिवस सगळं ठप्प. एका टोपलीवर सगळा संसार ठेवू नका. आणि काळा कोट म्हणाले तेही आहेच, ते चढवणं झालं, ठेवणं नव्हे.

पारावरचा
मंडळी नमस्कार. नेहमी नुसता वाचत असतो, पण आज लिहिल्याशिवाय राहवेना. वर धाग्याच्या सुरुवातीला जो प्रकार सांगितलाय तो करणाऱ्यांपैकी मी एक. नाव-गाव विचारू नका.

दीड वर्षं रोज रात्री साडेनऊला बसायचो. आमदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचे आवाज. सगळ्यात जास्त चालला तो सरपंचाच्या बोअरवेलचा भाग. बोअर कागदावर सहाशे फूट गेली होती आणि प्रत्यक्षात मशीनच आलं नव्हतं, त्यावर मी बोअरलाच बोलती केली होती. 'मी कुठे आहे हो?' म्हणून ती गावभर विचारत फिरते. नंतर भावाचं एका कामाचं बिल अडकलं. कोणी मला काही म्हणालं नाही, धमकी नाही, फोन नाही. फक्त बिल निघेना. मी सगळे लाईव्ह काढले, पंधरवड्यात बिल निघालं. कोणी काढायला सांगितलं का विचाराल तर नाही.

आता सुगरणताई आणि चावडीवाचक दोघांना सांगतो. तुम्ही दोघंही बरोबर वाटता आणि दोघांनीही मला विचारलेलं नाही. :) मला विचाराल तर, माझा लाईव्ह कोणाकडे असेल तर ठेवा. चढवू मात्र नका, निदान भावाची पोरगी शिकून बाहेर पडेपर्यंत. आणि खालच्या कमेंट काढू नका बरं का. तेव्हा खाली पोट धरून हसणारे निम्मे आज त्याच साहेबांच्या फ्लेक्सवर हात जोडून उभे आहेत. त्यांची नावं राहू द्या.

सिएटलची सुगरण
पारावरचे दादा, मग अंगणवाडी सेविकेचं काय?

पारावरचा
ताई, तिचं काढा. फ्लेक्सवाल्यांची ठेवा.

काळा कोट
हा निकष कुठल्या कलमात बसतो ते शोधतो.

मुळामुठा
पारावरचे, बोअरवेल! मी ज्या दुव्यांसाठी धागा काढला त्यातला एक तोच असावा. बोअर शेवटी तहसील कचेरीत जाऊन स्वतःचाच दाखला मागते, तोच ना? मी तेव्हा लाईव्ह चालू असताना फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग केलं होतं. सुरुवातीची काही मिनिटं नाहीत, मध्ये एकदा आमच्या सौभाग्यवतींचा फोन येऊन आवाज गेलाय, पण शेवट पूर्ण आहे, कमेंटही दिसतायत.

पारावरचा
तोच. माझ्याकडेच नाही राहिला तो.

मुळामुठा
व्यनि बघा.

तिरकस तात्या
आम्हाला पण बघायचाय! लिंक द्या.

मुळामुठा
लिंक नाही तात्या. पुण्यात असाल तर शनिवारी या, घरी लावतो. फोन दाराशी ठेवून यायचं.

तिरकस तात्या
चहा असेल तर येतो. लोकल, तुम्ही येणार का? तो माल टुकार की कसा ते ठरवायला.

८.१७ची लोकल
शनिवारी मेगाब्लॉक नसतो. येतो.